शपथेवाचून

कवठे येमाई
१७ जानेवारी १९९७

तीर्थरूप कस्तुरामावशी,
सुलूचा सलाम.

संक्रांतीला दौंडला येते म्हणाले आणि आले नाही, म्हणून तू तोंड फुगवून बसली असशील. बस. पण आधी हे वाच.

पाशा गेला. मोटारी दुरुस्त करणारा पाशा. मागच्या उन्हाळ्यात तू इथं आलीस तेव्हा आरोग्य केंद्रातल्या माझ्या क्वार्टरचा पंखा त्यानंच चालू करून दिला होता, तुला "नानी" म्हणाला आणि तू त्याच्या हातावर एक लाडू जास्तीचा ठेवलास. गाव म्हणतं, विहिरीवर मोटारीचा शॉक बसला. मावशी, शॉक नाही बसला. पृथ्वीराजनं त्याला मारलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पृथ्वीराज म्हणजे कोंडिबा आबांचा मुलगा. आबा इथले मोठे बागायतदार, त्यांच्या शब्दावर सोसायटीची निवडणूक फिरते. संक्रांतीच्याच दुपारी वरच्या वस्तीवरच्या बाळंतिणीला बघून मी त्यांच्या उसाच्या बांधानं परत येत होते. विहिरीपाशी दोघं उभे होते. वरून लाइन गेली आहे, तिच्यावर आकडा टाकून मोटार चालवायची होती. पृथ्वीराज म्हणत होता, "चढ खांबावर." पाशा म्हणाला, "भाऊ, लाइन चालू हाय. न्हाई चढायचो. पोरं ल्हान हायत माझी." पृथ्वीराजच्या हातात मोठा पाना होता. पहिला फटका पाशाच्या खांद्यावर बसला तेव्हा पाशा हसला. त्याला वाटलं, चेष्टा करतोय. दुसरा कानावर बसला. पाशा खाली पडला, आणि पडल्यावरही तो मारत राहिला, खुंटी ठोकावी तसा. कवटी फुटल्याचा आवाज मी अजून ऐकते आहे.

मी किंचाळले. त्यानं वळून पाहिलं आणि पाना घेऊन माझ्याकडे चालत आला. पळतसुद्धा नव्हता. "शिस्टर, तुमी काय बघितलं न्हाई," असं म्हणाला. मी वस्तीकडे पळाले. माणसं घेऊन परत आले तेव्हा पाशा मोटारीजवळ होता आणि त्याच्या हातात वायर होती. पाना कुठंच नव्हता.

पोलीस आले, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, ऊस केवढा वाढलाय, त्यातून तुम्हाला काय दिसणार?" त्यांनी अपघात लिहिला. संध्याकाळच्या आत दफन झालं. पाशाची बायको बानू रडत नव्हती, नुसती माती बघत होती. तिची धाकटी तहमीना माझ्या हातांवर जन्मली आहे.

उद्या आबांनी देवळापुढं बैठक बोलावली आहे. मी तिथं सांगणार.

तुझी,
सुलू

*

दौंड
२१ जानेवारी १९९७

चि. सुलक्षणा,
मावशीचा सलाम.

तोंड फुगवलं नव्हतं. तिळगूळ केला होता तो शेजारच्यांनी संपवला, एवढंच.

पत्र दोनदा वाचलं. त्या पोराचं हसू माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तू सांग. खरं आहे ते सांगायलाच हवं. पण भडकून बोलू नकोस. तुझी जीभ तुझ्या आईवर गेली आहे आणि तिच्या जिभेनं तिचं काय भलं केलं मला ठाऊक आहे. हे पत्र पोचेल तोवर बैठक होऊनही गेली असेल, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आणि शांतवनला बोलावून घे. कारखान्याचा हंगाम चालू आहे, रजा मिळत नाही, हे मला सांगू नका. पाटसची साखर जावईबापूंच्या एका फिटरकीवाचून कडू होणार नाही. एकटी राहू नकोस. दाराला आतून लोखंडी आडणा लाव.

तुझी,
कस्तुरामावशी

*

कवठे येमाई
२७ जानेवारी १९९७

मावशी,
सलाम.

सांगितलं, आणि सगळं बिनसलं.

देवळापुढं माणसाला माणूस चिकटून बसलं होतं. मी उभी राहून तुला लिहिलं तेच सांगितलं. भडकले नाही, तुझं पत्र नंतर आलं तरी तुझी आण आधीच पाळली असं म्हणणार होते, पण आण हा शब्द तुझ्यापुढं चालत नाही. आबा ओरडले नाहीत. फार गोड बोलले.

"शिस्टर, तुमी शिकलेल्या, आमी अडानी. पर आमच्यात येक रीत हाय. देवीपुढचा भंडारा मुठीत घ्यायचा आन् बोलायचं. खोटं बोलंल त्याचं वाटुळं. तुमी उचला आन् बोला. माझ्या लेकाला मीच धरून ठान्यात न्हेतो."

गावात याच्यापुढं बोलणं नसतं. बांधाची भांडणं असोत, चोरीचा आळ असो, सगळं त्या हळदीच्या मुठीवर मिटतं. उचलली की खरा आणि मागं सरला की खोटा.

मी म्हणाले, "आबा, तुमच्या देवीचा मी अपमान करत नाही. पण मी शपथ घेत नाही, कुणाचीच. आमच्या प्रभूनं नको म्हणून सांगितलंय. मी होय म्हणाले की ते होयच असतं, त्याला कशाचा टेकू लागत नाही."

मागून कुणीतरी हसलं. "म्हंजी उचलत न्हाई म्हना की."

मग पृथ्वीराज उठला. हात धुतले, मूठभर भंडारा घेतला आणि देवीकडे तोंड करून म्हणाला, "म्या पाशाला बोटबी लावलं न्हाई." उरलेली हळद कपाळाला फासली. तो हसत होता, मावशी. लोकांनी देवीचा उदो उदो केला.

बानू माझ्याकडे आली. मला वाटलं, आता ही गळ्यात पडेल. ती म्हणाली, "मी आसते तर कुरान उचललं आसतं. त्यांनी भंडारा उचलला. तू कशालाच हात लावत न्हाईस. मग तुझं खरं कशावर हुबं हाय, शिस्टर?" आणि माझ्या पायाशी थुंकली. कडेवरची तहमीना मात्र माझ्याकडे यायला हात पुढं करत होती.

तेव्हापासून छपरावर दगड पडतात. काल दाराच्या कडीला मेलेली घूस बांधली होती. बाया लसीला येत नाहीत. शांतवन आला होता. "एक मूठ हळद, सुलू. आमटीत रोज घालतेस. उचलायची आणि मोकळं व्हायचं," असं म्हणाला. मी त्याला जेवायला वाढलं.

तुला आठवतं? मी सात-आठ वर्षांची असेन, चिंचोके खेळताना "गळ्याची शप्पथ" म्हणाले आणि तू बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातून येऊन हातावर उलथनं मारलंस. म्हणालीस, ज्याच्या बोलण्यावर त्याचाच भरवसा नसतो त्याला शपथ लागते. आई गेल्यावर तू मला वाढवलंस ते असं. आता तो हात पुढं होतच नाही, त्याला मी काय करू?

आणखी एक सांगते, रागावू नकोस. प्रार्थनेला गुडघे टेकते आणि मला त्याच पान्यानं पृथ्वीराजचं डोकं फोडावंसं वाटतं. नुसतं वाटत नाही, मी फोडते. रोज फोडते. मग आमेन म्हणते.

तुझी,
सुलू

*

दौंड
२ फेब्रुवारी १९९७

चि. सुलू,
सलाम.

जावईबापू आज उपासनेनंतर घरी आले होते. फार काळजीत दिसले. जेवलेसुद्धा नाहीत, आणि ते जेवत नाहीत म्हणजे प्रकरण साधं नाही. त्यांचं म्हणणं, ऊस डोक्याच्या वर, दुपारचं ऊन डोळ्यांवर, तू बाळंतिणीपाशी रात्रभर जागलेली. दोघं उभे दिसले असतील, एक पडलेला दिसला असेल, मधलं मनानं भरलं असेल.

मी तुला खोटी म्हणत नाही. कधीच म्हणणार नाही. पण डोळे फसतात गं. आणि एका माणसाला फासावर चढवायची गोष्ट आहे.

म्हणून मी एक मागते. आपलं पवित्र शास्त्र समोर घे, त्याच्यावर उजवा हात ठेव आणि मला दोन ओळी लिही, की पाहिलं ते असंच पाहिलं. तेवढ्या दोन ओळी आल्या की मी पाळकसाहेबांना घेऊन तिकडे येते. पुण्यापर्यंत जायला लागलं तरी जाईन. देवीचा भंडारा नको, बरोबर केलंस. पण हे तर आपलंच आहे.

तुझी,
मावशी

*

कवठे येमाई
८ फेब्रुवारी १९९७

मावशी,

तू पण.

शास्त्रावर हात ठेवला नाही. ठेवणार नाही. तसाही उजवा हात सध्या कशावर ठेवण्यासारखा नाही, दारात सापडला. हे डाव्या हाताचं अक्षर आहे, हसू नकोस.

पाहिलं ते पाहिलं.

सुलू

*

दौंड
१३ फेब्रुवारी १९९७

माझ्या सुलूबाई,
मावशीचा सलाम. तू पाठवला नाहीस तरी माझा घे.

मी चुकले. तुझं पत्र हातात धरून बसले आणि चहा उतू जाऊन स्टोव्ह विझला तरी कळलं नाही. मग ते जुनं उलथनं काढलं आणि माझ्याच मनगटावर मारून पाहिलं. लागतं गं. चांगलंच लागतं. एवढ्याशा पोरीला मी ते मारलं आणि इतक्या वर्षांनी तिच्याकडेच शपथ मागितली.

का मागितली ते सांगते. तुझं खरं असेल तर तो खुनी तुझ्या दारावरून रोज येतो-जातो. ते मला सोसवेना. तुझे डोळे फसले असले तर तू वाचलीस, म्हणून ते फसलेले असावेत असं मला हवं होतं. जावईबापूंनी सांगितल्याबरोबर मी ते झेललं. त्यांचंही तसंच असेल. गावाचंही थोडं तसंच असेल. ज्याच्या विहिरीवर पाणी भरायचं त्याला खुनी कसं म्हणायचं?

मला राहून राहून शास्त्रातल्या त्या सकाळच्या बाया आठवतात, प्रभूच्या रिकाम्या थडग्यापासून धावत आलेल्या. पुरुष सगळे दार लावून बसलेले. प्रभूच्या ताटात जेवलेले, त्याच्या मागं हिंडलेले. या बाया धापा टाकत सांगतात, तो मेलेल्यांतून उठलाय, आणि हे म्हणतात, बायकांची बडबड. पुढं त्या बायांनी काय केलं ते कुणी लिहून ठेवलं नाही. मी आयुष्यभर पोरांच्या भाकऱ्या थापल्या, म्हणून मला वाटतं त्यांनी आधी त्या पुरुषांना जेवायला घातलं असेल आणि मग परत तेच सांगितलं असेल. त्यांनी शपथ घेतली नाही. कुणी विश्वास ठेवला नाही म्हणून थडगं काही पुन्हा भरलं नाही. तू पाहिलंस ते तू पाहिलंसच. गाव मानो न मानो, पाशा तुझ्यापुढं मेला, आणि देवाला ते तुझ्याकडून कळायचं राहिलं नव्हतं.

पृथ्वीराजचं डोकं रोज फोडतेस, तर देवासमोर फोड. स्तोत्रं उघड, त्यांत दुष्टांचे दात पाड म्हणून मागणारी माणसं सापडतील, आणि तीही आमेनच म्हणतात. क्षमा कर म्हणून तुला पुष्कळ जण सांगतील. करशील. पण आधी खरं सांगून होऊ दे. त्याच्या आधी केली तर ती क्षमा नव्हे, झाकपाक झाली.

मी तुझ्यावर विश्वास ठेवते. सगळ्यावर. हात दारात सापडला, ते सोडून. दार आपणहून चार बोटांवर मिटत नाही.

तुझी,
मावशी

*

(पोस्टकार्ड)

दौंड
२ मार्च १९९७

सुलू, सलाम. उत्तर नाही. पोस्टमन वाचेल तर वाचू दे, म्हणून कार्डावरच लिहिते : माझी भाची खोटं बोलत नाही. या आठवड्यात पत्र आलं नाही तर मी गुडघ्यांसकट एसटीत बसते. — कस्तुराबाई

*

कवठे येमाई
९ मार्च १९९७

मावशी,
सलाम. तुला आणि पोस्टमनलाही. त्यानं कार्ड खरंच वाचलं आणि देताना म्हणाला, "शिस्टर, मावशी लई तिखट हाय तुमची."

घाईत लिहिते. पोस्टात न टाकता दौंडच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती देते, म्हणजे आजच तुला मिळेल. उद्या सकाळच्या एसटीनं आम्ही तिघी शिरूरला ठाण्यात जातो आहोत. तिघी कोण ते सांगते, पण आधी माझा हात.

दारात सापडला नाही. तू ओळखलंस. पृथ्वीराज भरदिवसा आला होता, दोन पोरं बरोबर घेऊन. मी दार लावत होते. त्यानं माझं मनगट धरून चौकटीवर ठेवलं आणि म्हणाला, "ह्योच ना त्यो हात? देवीला न चालनारा?" मग लाथेनं दार मारलं. एकदा बोटं मोडली. पुन्हा मारलं. मी ओरडले, समोरच्या ओट्यावर बायका गहू निवडत होत्या, त्या उठून आत गेल्या. तुला लिहिलं नाही, कारण तुझा भरवसा नव्हता तेव्हा हेही खोटं ठरलं असतं, आणि ते मला सोसलं नसतं. दुखणं सोसतं. शांतवनला सांगितलं. तो बोटांकडे बघत राहिला आणि मग रडला. तेव्हापासून पाटसला गेलेला नाही.

तुझं मोठं पत्र मी उशाला ठेवलं होतं. उत्तर देता येईना. त्या बाया मात्र मला पुरल्या. दगड पडले की म्हणायचे, त्यांनाही बडबड्याच म्हणाले होते. मग उठून केंद्र उघडायचं.

काल दुपारी बानू आली. तहमीनाला ताप होता, जवळपास दुसरीकडे न्यायला जागा नाही म्हणून आली. माझ्याकडे न बघता बाकावर बसली. मी डाव्या हातानं गोळीचे तुकडे करत होते, तेवढ्यात दार ढकलून साखरबाई आत आल्या. आबांची बायको, पृथ्वीराजची आई. पदर डोक्याला रक्तानं चिकटला होता. एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला, आणि पाठीवर पट्ट्याचे वळ, चोळीवरून दिसणारे.

मी त्यांना खाली बसवलं. जखम धुताना त्या हूं का चूं करेनात. मग बानूकडे बघून म्हणाल्या, "बरं झालं तू हितं हायस. दोघींला येकदम सांगता यील."

बानू उठून उभी राहिली.

"त्या दिशी त्याचा सदरा म्या धुतला," साखरबाई म्हणाल्या. "रगत हुतं, निघता निघंना. मोटारीच्या शॉकला रगत कुठून येतंय? पाना त्यानं आमच्याच जुन्या हिरीत टाकला. म्या बघितलं टाकताना. गप बसले. येकुलता येक लेक, काय करू? पर मंग त्यानं भंडारा उचलला. हसत उचलला. मला झोप न्हाई तवापास्नं. रोज म्हनले, जा, देवीपुढं नाक घास, खरं सांग. तर त्याच्या बानं तोंड फिरवलं आन् लेकानं मला पट्ट्यानं फोडलं. म्हनतो, म्हातारीला याड लागलंय. गावात सांगून ठिवलंय तसं. आता म्या काय बी बोलले तर यडी."

बानूचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी तिनं विचारलं. गावची सवय, दुसरं काय. "सपथ घ्या. कशाची बी घ्या, पर घ्या. मला दोनदा फसवू नका."

साखरबाईंनी हात उचलला आणि तो तसाच राहिला. आमच्याकडे आई शपथ घेते ती लेकराच्या डोक्यावर हात ठेवून, हे तुला सांगायला नको. त्या हाताकडे बघत म्हणाल्या, "कुनाची घिऊ, बाई? म्या आजवर त्याचीच घेत आले. आन् आता त्याच्यावरच बोलतीया."

मावशी, त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते. मला पृथ्वीराजची आई दिसत नव्हती. मी दिसत होते. भर उन्हात सगळ्या गावासमोर उभी, खरं सांगितलेली, आणि माझ्यापुढं हळदीचं ताट. एक शब्द हवा होता तेव्हा मला. तो कुणी बोललं नाही. तूसुद्धा आधी बोलली नाहीस.

मी माझ्या मोडक्या हातानं त्यांचा हात धरून खाली घेतला. बँडेजमधून कळ डोक्यात गेली.

"शपथ नको, साखरबाई," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलंत. मला पुरे."

त्या रडल्या तेव्हा ऐकवत नव्हतं. मार खाताना जो आवाज त्यांनी दाबला असेल तो सगळा निघाला. मी बानूकडे पाहायचं टाळलं. तिचा नवरा गेला होता, तिनं काय मानावं ते मी कसं ठरवणार?

विहीर कुणी उपसेल की नाही, पाना निघेल की नाही, मला ठाऊक नाही. ठाण्यात एक बाई उसातून बघणारी आणि एक बाई वेडी ठरेल, असंही होईल. तरी आम्ही जाणार. पुन्हा विचारलं की पुन्हा तेच सांगू. तू शिरूरच्या स्टँडवर ये. पाळकसाहेब आले तर आण, नाही आले तर डबा आण.

बानूचं सांगायचं राहिलं.  तहमीनाला तिनं न विचारता माझ्या मांडीवर आणून ठेवलं, कोपऱ्यातल्या माठातून पाणी घेतलं, आणि पहिला पेला साखरबाईंच्या हातात दिला.

तुझी,
सुलू